आधी विचारा, गोळी कुठे थांबणार

सदर : सुभेदारांना विचारा

प्रश्न : सुभेदारकाका, नमस्कार. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या अंगाला. वर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, खाली सहा वाड्या. शिमग्यापासून गावात बोलवा उठली आहे, की सैन्याची एक ब्रिगेड दुसरीकडून हलवून कोकणात आणणार आणि तिची फायरिंग रेंज आमच्या सड्यावर होणार. कागद कुणीच पाहिलेला नाही. निम्मा गाव म्हणतो रस्ता येईल, पाणी येईल, दवाखाना येईल. निम्मा म्हणतो आंब्याची कलमं गेली. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. माझा सख्खा भाऊ फौजेत आहे, त्यामुळे विरोधात बोलायला जीभ रेटत नाही. ग्रामसभेत नेमकं काय विचारायचं?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, भाऊ फौजेत आहे म्हणून विचारायचं नाही, हे आधी मनातून काढा. मी बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलात, एकोणतीस वर्षं काढली. त्यातला मोठा काळ दुसऱ्या पलटणींसाठी रेंजा, रस्ते आणि पूल बांधण्यात गेला. ज्या गावाने आम्हाला सुरुवातीलाच खडसावून प्रश्न विचारले, तिथलं काम नेहमी चांगलं झालं. गप्प बसलेल्या गावात आमच्याही चुका झाल्या. त्यातली एक पुढे सांगतो.

आजच्या आज एक काम करा. तहसील कचेरीत लेखी अर्ज द्या, की आमच्या गावाच्या हद्दीत असा काही प्रस्ताव आहे का. पोच घ्या. आणि उत्तर येईपर्यंत वाडीवाडीवर सांगून ठेवा, की कुणीही सड्यावरची जमीन विकायची नाही. कोकणात अशा बोलवांमागून जमिनीचे दलाल फिरतात आणि घाबरलेल्या माणसाकडून पाण्याच्या भावात सातबारा लिहून घेतात.

समजा, प्रस्ताव खरंच निघाला. तर पहिला प्रश्न विचारा : कोणती रेंज? सगळे 'फायरिंग रेंज' एवढंच म्हणतात, पण त्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. जवान रायफलीने शंभर, दोनशे, तीनशे मीटरवरून निशाणा मारतात ती क्लासिफिकेशन रेंज. तिला समोर मातीचा उंच बांध असतो, त्याला आम्ही बट म्हणतो. बटापुढच्या खंदकात बसून मार्कर टार्गेट वर-खाली करतात. वेगळी ती फील्ड फायरिंग रेंज. तिथे मॉर्टर, म्हणजे उखळी तोफा, आणि मोठ्या तोफा चालतात. ८१ मिलिमीटर मॉर्टरचा गोळा पाच किलोमीटर जातो, १०५ मिलिमीटरची आपली फील्ड गन सतरा. अशा रेंजा देवळालीला आहेत, नगरजवळ खारे कर्जुन्याची के. के. रेंज आहे. तोफा तिकडे जाऊन सराव करू शकतात. ब्रिगेडला घराजवळ रोज हवी असते ती पहिली. तुमच्या प्रस्तावात दुसरी असेल, तर ती इथेच का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता लोक म्हणतात, निशाणा तीनशे मीटरवर तर शेकडो एकर कशाला? चुकलेल्या गोळीसाठी. ७.६२ मिलिमीटर रायफलची गोळी बटावरून गेली तर तीन किलोमीटरच्या पुढे पडू शकते. म्हणून बटामागे नकाशावर एक धोक्याचा पट्टा आखतात. फायरिंग पॉइंटपाशी अरुंद आणि पुढे रुंद होत जाणारा, सूप जमिनीवर ठेवावं तसा. जमीन खाते ते हे सूप.

सडा रिकामा दिसतो म्हणून तो रेंजला बरा, असं बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं. मला उलट वाटतं. रेंजच्या मागे चढत जाणारा डोंगर हवा, म्हणजे वर गेलेली गोळी त्याच्या पोटात अडते. सड्याला मागे काय आहे? कडा, कड्याखाली तुमची वाडी, तिच्याखाली खाडी. सड्यावरून सुटलेली गोळी अडायला काहीच नाही. शिवाय जांभ्याचा कातळ कठीण, त्यावर गोळी आपटून उसळते. आणि उक्षी, बारसू, देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पांची नावं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. तुमच्या सड्यावर गुरं हिंडतात त्या जागी पायाखाली काय कोरलंय, ते आधी गवत झाडून बघा. जागा खरंच कमी असेल तर डोक्यावर आणि बाजूला आडवे अडसर बांधलेली बॅफल रेंज करता येते. ती महाग पडते, पण सूप पुष्कळ आखडतं. हा पर्याय तपासला का, ते लेखी विचारा.

माझी चूक सांगतो म्हणालो. नव्वदच्या दशकात एका लष्करी ठाण्यावर ब्रिगेड यायच्या आधी आमची कंपनी रेंज बांधायला गेली होती. ठाण्याचं नाव नको. पहिली पलटण पंधरा दिवसांत येणार होती. बटाच्या तोंडावर चाळलेली, बिनखड्याची माती लागते. ती आणायला वेळ नव्हता, म्हणून ओढ्याकाठचा मुरूम भरला. त्यावर माझी सही होती. पहिल्याच दिवशी एक गोळी खड्यावर आपटून बाजूला उडाली आणि लाकूडफाटा घेऊन चाललेल्या एका बाईच्या डोक्यावरच्या मोळीत घुसली. बाई वाचली. मी स्वतः ती मोळी सोडली, गोळी काढली, आणि मला खालीच बसावं लागलं. लाल झेंडे लावले होते. सेंट्री उभे होते. पण ती जिथून आली ती पाऊलवाट आमच्या नकाशावर नव्हतीच. ती वाट त्या गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होती. आम्ही कुणाला विचारलं नव्हतं.

म्हणून ताई, माझं तुम्हाला कळकळीने सांगणं आहे : मोबदल्याचा आकडा नंतर. आधी गावाने आपला नकाशा करावा. प्रत्येक पाऊलवाट, पाणवठा, गुरांची बसायची जागा, देवराई, शिमग्यात पालखी जिथून चढते ती वाट. शाळेतली मोठी मुलं दोन रविवारांत करतील. म्हाताऱ्या बायांना बरोबर न्या, त्यांना सगळ्यात जास्त वाटा माहीत असतात.

आणि नकाशाच्या जोडीला कॅलेंडर. हिशेब करून दाखवतो. पलटणीत आठशे माणूस धरा. आठ जण शेजारशेजारच्या आठ पट्ट्यांतून, म्हणजे लेनमधून, एका वेळी गोळी चालवतात, म्हणजे शंभर तुकड्या. प्रत्येकीला तपासणी धरून वीस मिनिटं. झाले तेहतीस तास. दिवसाला सहा तास फायरिंग म्हटलं तर सहा दिवस, आणि हा फक्त एक सराव. ब्रिगेडमध्ये साधारण तीन पलटणी, शिवाय तोफखाना, सिग्नल, आमचे सॅपर्स. म्हणजे एकेका सरावाला तीन आठवड्यांच्या वर. असे सराव वर्षात अनेक, काही रात्रीचे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर धुवाधार पाऊस, त्यामुळे सगळा भार पडणार ऑक्टोबर ते मे. त्या आठ महिन्यांत तुमचं काय काय असतं? भातकापणी, वरकसातलं गवत, मोहोराची फवारणी, फेब्रुवारीपासून काजू, भाजावळ, शिमगा, मग आंब्याची तोडणी. म्हणजे त्यांचा हंगाम आणि तुमचा हंगाम एकच. हे टेबलावर पहिल्या दिवशी मांडलं तर सोडवता येतं. आठऐवजी सोळा लेन बांधल्या की दिवस निम्मे होतात. मार्च ते मे फायरिंग पहाटे सुरू करून दहाला बंद, असं ठरवता येतं. पालखीचे दिवस सोडता येतात. रेंज बांधून झाल्यावर मात्र लेन वाढत नाहीत. बागेत रात्री राखणीला नेपाळी गडी असतात, रात्रीच्या फायरिंगची सूचना त्यांना त्यांच्या भाषेत मिळायला हवी, हेही लिहा.

दिवाळीनंतर गवत वाळतं. उजेडाची रेघ सोडत जाणाऱ्या ट्रेसर गोळीची एक ठिणगी आणि वणवा थेट काजूत. जाळरेषा कोण काढणार, दरवर्षी कोणत्या तारखेच्या आत, पाण्याची गाडी कुठे उभी राहणार, हे करारात हवं.

विहिरींचं कुणी बोलत नाही, मी बोलतो. गोळीत शिसं असतं. वर्षानुवर्षं ते बटात साठतं. कोकणची माती आंबट, आणि आंबट मातीत, त्यात असल्या पावसात, शिसं विरघळून खाली सरकायला मदत होते. सड्यावर पडलेलं पाणीच झिरपून तुमच्या वाडीच्या झऱ्याला येतं. उपाय आहेत : ठरावीक काळाने बट चाळून शिसं काढणं, चुना घालणं, बटाचं पाणी वेगळ्या चरीने काढून गाळण्याच्या खड्ड्यात नेणं. पण त्याआधी, एकही गोळी सुटायच्या आत, खालच्या सगळ्या विहिरींचं पाणी तपासून अहवाल ग्रामपंचायतीत ठेवून घ्या. नाहीतर पुढे कशाशी तुलना करणार?

प्यायच्या पाण्याचंही तसंच. जवान आणि कुटुंबं मिळून पाच हजार माणसं आली तर शहरी नळयोजनेच्या माणशी १३५ लिटरच्या हिशेबाने दिवसाला पावणेसात लाख लिटर लागतात. एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या गावांनी विचारावं, हे कोणत्या धरणातून. आणि अवजड गाड्या कोणत्या पुलावरून येणार तेही. २०१६ साली महाडला सावित्रीचा पूल वाहून गेला, तेव्हापासून मला कोकणातला कुठलाही जुना पूल बघितला की काळजी वाटते.

कायद्याचं थोडक्यात. जमीन दोन वाटांनी लागते. एक, २०१३ च्या भूसंपादन कायद्याने विकत घेऊन. मग ती तुमची राहत नाही. दुसरी, १९३८ च्या मॅन्युव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस अ‍ॅक्टखाली राज्य सरकारने ठरावीक वर्षांसाठी अधिसूचना काढून. तिथे मालकी तुमचीच राहते, पण फायरिंगच्या वेळी तुम्हाला बाहेर काढता येतं आणि नुकसानीची भरपाई द्यावी लागते. तुमच्याकडे कोणती वाट आहे ते सरकारी कागदाच्या पहिल्या ओळीत वाचा, आणि मुदतीची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. झारखंडात नेतरहाटच्या लोकांनी फील्ड फायरिंग रेंजविरुद्ध १९९३-९४ पासून लढा दिला आणि २०२२ मध्ये तिथल्या राज्य सरकारने अधिसूचनेची मुदत पुढे वाढवली नाही. लोकांनी तारखेवर लक्ष ठेवलं होतं.

रेंजचं तोंड समुद्राकडे करायचं ठरलं, तर मच्छीमार सोसायटीला पहिल्या बैठकीला बोलवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदीचा काळ, तेव्हा त्या पाण्यात नसतात, पण तेव्हाच तर पाऊस. बाकी सगळं वर्ष तिथे कुणाचं ना कुणाचं जाळं असतं.

प्रश्न : काका, माझे मिस्टर पायदळात आहेत. त्यांची अख्खी ब्रिगेड नवीन ठाण्यावर चालली आहे. आम्हाला निरोप आला, फॅमिली नंतर. मी दोन मुलांना घेऊन खेड तालुक्यात सासरी आले, त्याला सात महिने झाले. 'नंतर' म्हणजे कधी? आणि आधी घरं बांधून मग माणसं का हलवत नाहीत?
— एक वाचक, खेड

उत्तर : बाय, तुझा राग रास्त आहे. माझ्या घरच्यांनीही अशी दोन वर्षं दापोलीत काढली आहेत.

ब्रिगेड एका गाडीत बसून जात नाही. आधी अ‍ॅडव्हान्स पार्टी जाते, जागा ताब्यात घेते. मग मुख्य पलटण. जुन्या ठाण्यावर रिअर पार्टी मागे राहते, ती हिशेब चुकते करून शेवटी निघते. नव्या ठाण्यावर पैसा आणि माणूसबळ आधी शस्त्रागार, दारूगोळ्याचं कोठार, पाणी, स्वयंपाकघर आणि रेंज यांवर लागतं. कारण सराव थांबला तर पलटण लढायला तयार राहत नाही. कुटुंबाचे क्वार्टर मागे पडतात. हे कारण खरं आहे, तरी मला ते कधी पूर्ण पटलं नाही. ज्या जवानाची मुलं शाळेविना बसली आहेत, त्याचं चित्त निशाण्यावर नसतं. मी फायरिंग पॉइंटवर अशी माणसं पाहिली आहेत.

तू तीन गोष्टी लगेच कर. मिस्टरांना सांग, नव्या स्टेशन हेडक्वार्टरमध्ये क्वार्टरसाठी नाव लागलं का आणि यादीत नंबर कितवा, हे स्वतः बघून घ्यायला. 'लावलं असेल' यावर राहायचं नाही. नवं ठाणं फील्ड भागात, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा भागात, मोडत असेल तर सेपरेटेड फॅमिली क्वार्टर दुसऱ्या ठाण्यावर मागता येतात, आणि ते तुला इथून जवळचंही असू शकतं. केंद्रीय विद्यालयात बदलीच्या केंद्रीय नोकरीतल्या पालकांच्या मुलांना प्राधान्य असतं, तेव्हा बदलीचा कागद हातात ठेव. कुठे अडलं तर रत्नागिरीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. एकटी जाऊ नकोस, सासऱ्यांना घेऊन जा आणि सगळं लेखी दे.

प्रश्न : सर, मी बारावीत आहे, एनसीसीत आहे. जर्मनीची एक पूर्ण ब्रिगेड लिथुआनियात कायमची जाणार असं वाचलं. एवढं सगळं दुसऱ्या देशात उभं कसं करतात?
— एक विद्यार्थी, सावंतवाडी

उत्तर : बाळा, प्रश्न फार चांगला आहे, कारण हे काम आपल्या डोळ्यांदेखत चाललं आहे. ४५ वी पँझर, म्हणजे रणगाड्यांची, ब्रिगेड, सुमारे ४,८०० सैनिक आणि २०० नागरी कर्मचारी. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी प्रथमच एवढं दल कायमचं परदेशी ठेवत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही देशांनी आराखड्यावर सह्या केल्या. एप्रिल २०२४ मध्ये गेले किती? वीसेक जण. तीच अ‍ॅडव्हान्स पार्टी. मे २०२५ मध्ये व्हिल्नियसच्या चौकात ब्रिगेडचा समारंभ झाला, आणि पूर्ण सज्जतेचं लक्ष्य आहे २०२७. सह्यांपासून सज्जतेपर्यंत चार वर्षं. मघाशी खेडहून विचारलेल्या 'नंतर'चं उत्तर इथेही आहे.

मुख्य तळ रुडनिंकाईला, साधारण चार हजारांसाठी, बाकीचे नेमेंचिनेला. रुडनिंकाईचं जंगल सोव्हिएत काळात बॉम्बफेकीच्या सरावाचं मैदान होतं. त्यामुळे पायाभरणीच्या आधी जमिनीतला न फुटलेला जुना दारूगोळा शोधून काढावा लागला. सॅपरचं काम पहिलं, गवंड्याचं नंतर. आणि कुटुंबांसाठी व्हिल्नियस आणि काउनासला जर्मन शाळा, बालवाड्या योजनेतच धरल्या. हे मला फार आवडलं.

ब्रिटनचंही वाच. पाडरबॉर्नहून त्यांची ब्रिगेड सॅलिसबरीच्या माळावर परत आली, तेव्हा सैन्याने तिथे शेकडो नवी घरं बांधली. त्याच माळावर इम्बर नावाचं गाव आहे. डिसेंबर १९४३ मध्ये अमेरिकी फौजेच्या सरावासाठी ते रिकामं केलं. युद्ध संपल्यावर परत येता येईल, या समजुतीने लोक निघाले. ते गाव आजही सरावाखाली आहे. वर्षातले काही मोजके दिवस चर्चचं दार उघडतं, तेव्हा त्यांची नातवंडं-पतवंडं येतात. सराव गरजेचा होता, तो मी नाकारत नाही. पण त्या लोकांच्या हातात तारीख लिहिलेला कागद नव्हता.

प्रश्न : आजोबा पलटणीत होते. माळ्यावरच्या पेटीत लोखंडी नळकांडं सापडलं, वीतभर, शेपटीला पाती. भंगारवाला चांगले पैसे देतो म्हणतो. देऊ का?
— एक वाचक, मंडणगड

उत्तर : तुमचं पत्र मिळालं त्याच दुपारी मी फोन केला, कारण मासिक हातात पडेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. तुम्ही पोरांना घराबाहेर काढलंत, पेटीला हात लावला नाहीत आणि ११२ वर कळवलंत, याबद्दल तुमचे मनापासून आभार. वर्णनावरून तो मॉर्टरचा गोळा. न फुटलेल्या गोळ्याला आम्ही ब्लाइंड म्हणतो. तो चाळीस वर्षांनीही फुटतो, आणि रेंजांच्या आसपास भंगारासाठी असे गोळे उचलताना माणसं गेली आहेत. मंडणगड, दापोली, खेड, महाड या पट्ट्यात घरटी कुणी ना कुणी फौजेत होतं. आठवण म्हणून असं काही आणलेलं तुमच्या माळ्यावर असेल तर हलवू नका, पुसू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. दार लोटून घ्या आणि आधी फोन करा.